थोडंच राहिलंय

सेमारांग, ६ मे

मावशी,

पाया पडतो. सारपिनच्या गाडीतून तुझ्या आंबवलेल्या सोयाबीनचं, टेंपेचं पुडकं पोचलं. केळीचं पान सोडलं आणि खोलीतल्या दोन्ही सोबत्यांना एकदम बाहेरची कामं आठवली. चव जरा वेगळी होती. मी मात्र सगळं संपवलं हो.

नोकरीचं विचारलं होतंस. नोकरी झकास आहे. बोटींच्या तिकिटांचा प्रोग्राम करणारी कंपनी, नऊ माणसं, गार हवा, आणि खुर्ची गोल फिरते. फक्त एक बारीकशी गोष्ट आहे. ज्या प्रोग्रामवर मी काम करायचं तो माझ्या लॅपटॉपवर अजून एकदाही सुरू झालेला नाही.

तुला कळेल असं सांगतो. हा प्रोग्राम म्हणजे नऊशे सुटे भाग. जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेले. ते भाग आणून नीट जोडणारं एक टूल असतं. बटण दाबलं की ते सगळं जोडतं आणि प्रोग्राम उभा राहतो. मी दाबलं की लाल अक्षरांत येतं, चारशे बारावा भाग बिघडलाय. मी तो दुरुस्त करतो, पुन्हा दाबतो, आणि पुन्हा तेच. आज तीन आठवडे झाले.

आमच्यातले सगळ्यांत जुने हार्सोयोकाका. नव्या माणसाने मशीन कसं तयार करायचं याचं त्यांनी एक्केचाळीस पानांचं टिपण करून ठेवलंय, त्याबरहुकूम चाललंय माझं. रोज सकाळी ते खांद्यावर हात ठेवून विचारतात, "झालं का रे बाळ?" एवढ्या मायेने विचारणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला 'नाही' कुठल्या तोंडाने म्हणू? मी म्हणतो, "थोडंच राहिलंय, काका." रोजच्या कामाच्या नोंदीतही तेच लिहितो.

उमेदवारीची मुदत १४ जूनपर्यंत आहे. तोवर काहीतरी करून दाखवलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी परत, म्हणजे पार्नोमामाचं मागुरांचं तळं. त्या माशांच्या मिशा बघून मला लहानपणापासून घाम फुटतो, तुला माहितेय. पण काळजी करू नकोस. थोडंच राहिलंय.

तुझा,
सेतो

---

कालिरेजो, ११ मे

सेतो,

आशीर्वाद. चव वेगळी म्हणजे काय रे? मेल्या, सरळ सांग की. तुझ्या आईमागे तुला ह्याच टेंपेवर वाढवला मी, तेव्हा नाही वेगळी लागली ती.

डोंगरावरून गार वारा सुटलाय, एवढंच झालंय. गारठ्यात सोयाबीनला पांढरी बुरशी नीट धरत नाही, चिकट पडतं जरासं. मी बंदोबस्त केलाय. विहिरीचं पाणी बदललं. नवं पातेलं घेतलं. फडताळ चुलीजवळ सरकवलं. मग ते फारच तापायला लागलं म्हणून मधे ओलं बारदान टांगलं. बारदानाचा वास लागायला लागला म्हणून त्याला लिंबू चोळलं. आता लिंबाचं काय करायचं तेवढं बघते. बाकी सगळं ठीक आहे. गिऱ्हाइकं खूश आहेत, कुणाची एक तक्रार नाही.

तुझ्या यंत्राचंही तेच झालंय. एवढ्या गार हवेत कोण उठेल? मीही उठत नाही. दिवसभर त्याच्यावर गोणपाट पांघरून ठेव, बघ कसं टुणकन उठतं.

आणि फोन घे, फोन घे म्हणून मागे लागू नकोस. मागचा सोयाबीनबरोबर तासभर शिजला, तेवढं पुरे झालं. सारपिन दर शनिवारी जातो-येतो, त्याच्याकडे चिठ्ठी दिली की झालं.

मावशी

---

सेमारांग, १६ मे

मावशी,

गोणपाट पांघरलं. लॅपटॉप तापून बंद पडला. तुझ्यावर राग नाही, माझ्याच अकलेवर आहे.

पण आनंदाची बातमी! चारशे बारावा भाग हरला. मी त्याच्या पोटात शिरून हाताने ओळी बदलल्या. त्यामुळे सत्त्याऐंशीवा रुसला. त्याला जुनी आवृत्ती आणून घातली. मग टूलच म्हणालं, मला ही आवृत्ती चालत नाही. मग टूलची जुनी आवृत्ती आणली. आता त्या जुन्या टूलला लॅपटॉपच फार नवा वाटतोय, तर लॅपटॉपला थोडं जुनं करायच्या मागे आहे. दिशा सापडली आहे हे नक्की.

आता एक सांगतो, चिडू नकोस. सारपिन म्हणाला की यात्मीबाईच्या खानावळीने दुसरीकडून टेंपे घ्यायला सुरुवात केलीय आणि तुला मात्र ती सांगते की पाय दुखतो म्हणून मी तळण बंद केलं. मावशी, हा गारठा नाही. गारठा वर्षानुवर्षं आहे. पाणी बदललं, पातेलं बदललं, जागा बदलली. जे बदललं नाहीस ते एकच, विरजण. सासूबाईंच्या वेळची ती बुरशी धरलेली सागाची पानं. एका खेपेतलं पान पुढच्या खेपेत घालतेस, त्यातलं त्याच्या पुढच्या. मधे कधीतरी त्यात सड शिरली असणार, आणि तूच ती दर खेपेला हाताने पुढे नेतेस! फेकून दे सगळी पानं. फडताळ उकळत्या पाण्याने धू. बाजारातून ताजी विरजणाची पुडी आण आणि पहिल्यापासून सुरुवात कर. लहान पोरालाही कळेल एवढं सोपं आहे.

तुझा,
सेतो

---

कालिरेजो, १८ मे

सेतो,

सारपिनला मी बघून घेईन. त्याला चहा बंद.

आणि तू! बोलायला काय जातं तुझं? अडतीस वर्षांची पानं आहेत ती. सासूबाईंनी मरताना दुसरं काही दिलं नाही, घर थोरल्याला दिलं, शेळ्या धाकट्याला दिल्या, माझ्या हातात ती पानं ठेवली आणि म्हणाल्या, "सुमिलाह, हे सांभाळ." ती मी उकिरड्यावर टाकू? आणि त्या जागी बाजारची पुडी? थडग्यातून उठून येतील त्या.

एका वाईट खेपेपायी कुणी चूल मोडतं का? एक खेप वाईट गेली तर पाणी बघावं, दुसरी गेली तर भांडं बघावं. तेच करतेय मी, रीतीने. शहाणपणा शिकवतोस मला? तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कशातली ओळ बदलली, मग कशाला जुनं आणलं, मग त्या जुन्यासाठी आणखी जुनं. आता लॅपटॉपला म्हातारा करतोयस. तू नक्की काय दुरुस्त करायला बसला होतास ते तरी आठवतंय का? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ते काकांचं टिपण सोडून दुसऱ्या रीतीने करून बघितलंस का कधी? नाही ना? मग माझ्या पानांना नावं ठेवू नकोस.

पुडकं पाठवलंय. खायचं तर खा.

मावशी

---

सेमारांग, २५ मे

मावशीस,

पुडकं मिळालं.

माझी गोष्ट वेगळी आहे. तुझ्याकडे पान आहे, माझ्याकडे शास्त्र आहे. काकांच्या टिपणात काही चुकीचं असतं तर या ऑफिसातला कुणी ना कुणी बोलला असता. इथे सगळे शिकलेले लोक आहेत.

तरी तुझ्या कानावर घालतो. काल एंदांगबाईंनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, सगळ्यांना बोलावलं. बंदराचे साहेब लोक १४ जूनला प्रोग्राम बघायला येणार आहेत. त्यांच्यापुढे चालवून दाखवायचा. कुणाच्या लॅपटॉपवर? बाईंनी नोंदी चाळल्या आणि म्हणाल्या, "सेतोचा सगळ्यांत नवा आहे. आणि त्याचं तर थोडंच राहिलंय." हार्सोयोकाकांनी मान डोलावली. सगळ्यांनी माझ्याकडे बघून हसून मान डोलावली. मीही डोलावली.

मावशी, आज जे लाल अक्षरांत येतंय त्यातला एक शब्दही मला कळत नाही. तीन आठवड्यांपूर्वी निदान चूक तरी ओळखीची होती.

सेतो

---

कालिरेजो, ८ जून

सेतो, बाळा,

दोन शनिवार सारपिन तुझ्याकडे रिकाम्या हाताने आला, मी चिठ्ठी दिली नाही. लाज वाटत होती. आता सगळं सांगते.

हाजी मुनावीरांच्या नातवाचं बारसं होतं. साठ पुडकी टेंपे माझ्याकडून. मीही जेवायला होते. पानात टेंपे आलं, आणि मी बघितलं की सगळी माणसं हसतमुखाने पहिला घास घेतायत आणि दुसरा घेत नाहीत. हाजींची बायको म्हणाली, "सुमिलाहच्या हाताची गोष्टच निराळी." सगळे म्हणाले, निराळी, निराळी. मग मी स्वतः घास घेतला. सेतो, पायमोजा बरा.

घरी येऊन रडले. पाच महिने हे मी लोकांना खायला घातलं आणि एकानेही तोंडावर सांगितलं नाही. तू सांगितलंस तर तुझ्यावरच धावून गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या थडग्यावर गेले. फुलं वाहिली आणि म्हटलं, "आई, तुम्ही सांभाळ म्हणालात. मी पानं सांभाळत बसले आणि टेंपे घालवलं. आता पानं टाकते. राग आला तर माझ्यावर काढा, सेतोवर नको, त्याची नोकरीची वेळ आहे." मग पानं पुरली. फडताळ उकळत्या पाण्याने धुतलं. ओलं बारदान, लिंबू, जे जे मधे लावलं होतं ते सगळं काढून फेकलं. बाजारची पुडी आणली.

दीड दिवसात टेंपे झालं. पांढरंशुभ्र, कापसासारखं. मला आनंद व्हायच्या आधी संतापच आला. पाच महिने ज्याच्यापायी जीव जाळला ते दीड दिवसाचं काम होतं!

तेव्हा आता मावशीचं ऐक. एका वाईट खेपेला घाबरून सगळं फेकणारा मूर्ख. पण ज्या दिवशी आपण मूळ बिघाड सोडून आपल्याच डागडुजीची डागडुजी करायला लागतो, मी बारदानाला लिंबू चोळलं ना तसं, त्या दिवशी थांबावं. सगळं काढावं आणि पहिल्यापासून बसावं. तुझा तो दिवस तीन आठवड्यांपूर्वीच होऊन गेलाय.

आणि काकांच्या टिपणाला हात लावायचा तर आधी त्यांच्या पाया पड. वडीलधाऱ्याची वस्तू त्याला न विचारता टाकू नये. सोबत नवं टेंपे पाठवतेय, ते घेऊन जा. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. चिठ्ठी मिळताच जा, सहाच दिवस राहिलेत.

मावशी

---

सेमारांग, १० जून

मावशी,

बस आणि नीट वाच.

काल टेंपे तळून डबा आणि लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो. सहा वाक्यं पाठ केली होती, तोंडातून एकच निघालं, "काका, तुमचं टिपण बाजूला ठेवून करून बघू का?" त्यांनी डबा उघडला. टेंपेचा एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. मला वाटलं, संपलं. मग ते उठले, दार लावलं आणि स्वतःचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

बटण दाबलं. लाल अक्षरं. चारशे बारावा भाग बिघडलाय!

"दोन वर्षं झाली," काका म्हणाले. "आधी वाटलं, उद्या करू. मग टिपणात दोन पानं वाढवली. मग आणखी दोन. आता एवढ्या वर्षांनी कुणाला सांगायचं?" मी विचारलं, मग काम कसं करता? तर म्हणाले, "लिहितो आणि कोपऱ्यातल्या जुन्या मोठ्या मशीनवर पाठवतो. तिथे चालतं. स्वतःच्या लॅपटॉपवर मी चालवतच नाही."

मी म्हटलं, काका, सगळंच पुसू या. त्यांचा चेहरा पडला, पण मान हलवली. मी माझ्या लॅपटॉपवरून प्रोग्रामचा फोल्डर काढला, टूल काढलं, मी केलेल्या सगळ्या डागडुज्या काढल्या. आणि काढता काढता ती वस्तू सापडली. टिपणाचं नववं पान. त्यात लिहिलंय की इंटरनेट हळू आहे, म्हणून सगळे भाग नव्याने आणू नयेत, हार्सोयोंच्या मशीनवरचा साठा उचलून आपल्या मशीनवर ठेवावा. पूर्वी ते बरोबर होतं. पण त्या साठ्यात चारशे बारावा भाग कधीतरी अर्धवट उतरला होता, आणि टूल दर वेळी माझी दुरुस्ती पुसून तिथूनच तो सडका भाग पुन्हा आणून जोडत होतं. मी तुला सागाच्या पानांवर एवढं मोठं व्याख्यान दिलं, आणि माझ्या पोटाशी तेच पान होतं. खाली बसलो मी, मावशी. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

सगळं पुसलं. सगळं नव्याने आणलं. वीस मिनिटं लागली. बटण दाबलं आणि पडद्यावर बोटीचं चित्र आलं, निळं. काकांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की अजून दुखतोय.

मग दार बंदच ठेवून काकांचाही करून दिला. ते म्हणाले, हे आपल्या दोघांत राहू दे. मी म्हटलं, हो. आता १४ तारखेला फक्त चालवून दाखवायचं. बाईंना काही कळायचं कारण नाही.

तुझा,
सेतो

---

कालिरेजो, १२ जून

सेतो,

शाब्बास! वाचून उड्या मारल्या, गुडघा धरला. तुझी चिठ्ठी घेऊन आलेल्या सारपिनच्या भावाबरोबरच ही पाठवतेय, शनिवारपर्यंत धीर नाही.

पण शेवटची ओळ मला आवडली नाही. बाईंना कळायचं कारण नाही म्हणजे काय? मी काल घरोघर गेले. म्हटलं, पाच महिने मी तुम्हाला वाईट टेंपे दिलं, माझं चुकलं. तर यात्मी म्हणाली, "माहीत होतं गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. कोंबड्यांना घालत होतो." घरोघरी हेच! कोंबड्या बघितल्यास तर ओळखणार नाहीस, एकेक बदकाएवढी झालीय. पण सांगून मोकळी झाले, आणि यात्मीने शनिवारपासून वीस पुडकी मागितली.

काकांचं काकांनी बघावं, त्यांची अब्रू तू उघडू नकोस. तुझं तेवढं तू सांग. नोकरी गेली तर मी आहे, मामाच्या तळ्याकडे तुला फिरकू देणार नाही. सोयाबीन तुडवून सोलायला ये.

मावशी

---

सेमारांग, १५ जून

मावशी,

काल साहेब लोक आले, प्रोग्राम चालला, त्यांनी तीन वेळा तिकीट काढून बघितलं आणि खूश होऊन गेले. मग एंदांगबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या नोकरीचं पत्र काढलं, सहीसाठी पेन उघडलं आणि सहज विचारलं, "सेतो, ते थोडंसं राहिलं होतं ते काय होतं रे?"

तुझी चिठ्ठी खिशात होती. वाटलं, म्हणावं काहीतरी, पेन उघडलंय, सही होऊन जाईल. पण हाजींच्या घरची ती माणसं डोळ्यांपुढे आली, पहिला घास घेऊन हसणारी. मी म्हटलं, "बाई, थोडं राहिलंच नव्हतं. सगळंच राहिलं होतं. आठ आठवडे माझ्याकडे प्रोग्राम एकदाही सुरू झाला नव्हता. पाच दिवसांपूर्वी पहिल्यांदा झाला. मी रोज खोटं लिहिलं."

बाईंनी पेन बंद केलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "येत नाही त्याला शिकवता येतं, सेतो. पण जो सांगतच नाही त्याला मी ठेवू कसं?" आणि पत्र पुन्हा पाकिटात घालायला लागल्या. संपलं होतं सगळं.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हार्सोयोकाका उभे राहिले होते. "माझ्याकडेही चालत नव्हतं," ते म्हणाले. "दोन वर्षं. ह्या पोराने केलं." मावशी, त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग खिडकीजवळची रुक्मी हळूच म्हणाली, "माझ्याकडेही नाही चालत." मग तिच्या शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा. एकामागून एक सगळे! कुणाचं सहा महिने, कुणाचं सव्वा वर्ष. सगळ्यांनी तोच साठा उचललेला, आणि सगळे तिकडच्या मोठ्या मशीनवर गुपचूप काम उरकत होते. प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच तेवढं बिघडलंय. एकदा सुरुवात झाल्यावर लोक इतके मोकळे झाले की रुक्मी हसता हसता रडायलाच लागली.

बाई प्रत्येकाचं ऐकत होत्या. मग त्यांनी पाकिटातून पत्र काढलं, सही केली आणि माझ्यापुढे सरकवलं. आणि त्याच हाताने टेबलाखालून आपला लॅपटॉप वर काढला, पत्राशेजारी ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझंही बघ जरा."

तुझा,
सेतो